ग्राफिक्स कार्ड मागाहून घ्यायचे असेल, तर आज प्रोसेसर कोणता घ्यावा?

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि. मी सांगलीला विश्रामबागेत राहतो आणि कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी करतो. यंदा भिशीचे ४५,००० रुपये हातात आले असून पाडव्याच्या मुहूर्तावर घरी गेमिंगसाठी संगणक असेंबल करून घ्यावा, असा विचार आहे. धाकटा भाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या अभ्यासालाही तोच संगणक वापरला जाईल. तो व्हॅलोरंट खेळतो. मला जीटीए ५ आणि त्यानंतर आलेले कथानकाचे मोठे गेम खेळायचे आहेत. दुकानदाराने दोन कोटेशन दिली आहेत. पहिल्यात रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर आणि १६ जीबीची एक रॅम आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. "कार्ड पुढच्या भिशीला टाका," असे ते म्हणतात. दुसऱ्यात आय३-१२१००एफ आणि आरएक्स ६५०० एक्सटी हे ४ जीबीचे कार्ड आहे. याशिवाय ओळखीचे एक गृहस्थ कार्डासकट 'आय७'चा वापरलेला संगणक २०,००० रुपयांना द्यायला तयार आहेत. घरी जुना साडेअठरा इंची मॉनिटर आहे, त्याला फक्त व्हीजीएची पिन लागते. काय घ्यावे ते कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

— एक वाचक, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

मॉनिटरचा उल्लेख तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी केला आहे. मी मात्र तिथूनच सुरुवात करतो, कारण प्रोसेसर आणि कार्ड यांच्यावर किती भार पडणार, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. साडेअठरा इंची जुने मॉनिटर बहुतेक १३६६ गुणिले ७६८ या रिझोल्युशनचे असतात, म्हणजे पडद्यावर सुमारे १० लाख ४९ हजार ठिपके असतात. आजचा साधा फुल एचडी मॉनिटर १९२० गुणिले १०८०चा असतो आणि त्यावर २० लाख ७३ हजार ठिपके भरावे लागतात. प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या प्रत्येक चित्रासाठी, ग्राफिक्सला हे सगळे ठिपके रंगवायचे असल्यामुळे जुन्या मॉनिटरवर त्याचे काम जवळजवळ निम्मे होते. प्रोसेसरचे तसे नसते. शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, रस्त्यावरची गाडी कुठे वळली, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि मॉनिटर लहान असला म्हणून त्यात काही सूट मिळत नाही. तेव्हा आज जुना मॉनिटर ठेवणार असाल, तर ग्राफिक्सच्या बाबतीत थोडे थांबता येईल, पण प्रोसेसरच्या बाबतीत तडजोड करून चालणार नाही. माझे पुढचे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे.

आता पहिले कोटेशन पाहू. रायझन ५ ५६००जी हा वाईट प्रोसेसर मुळीच नाही. २०२१ साली आलेल्या या प्रोसेसरमध्ये ६ कोअर (हिशेब करणारे भाग), १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आणि आतच बसवलेले व्हेगा ७ ग्राफिक्स आहे. वेगळे कार्ड न घेता व्हॅलोरंट निवांत खेळायचा असेल, जीटीए ५ मध्यम सेटिंगवर चालला तरी पुरेसे असेल आणि पुढे कार्ड घ्यायचेच नसेल, तर तो घ्यावा असे मी स्वतः अनेकांना सांगितले आहे. तुमची अडचण निराळी आहे. तुम्हाला कार्ड घ्यायचे आहेच, फक्त आज पैसे पुरत नाहीत म्हणून पुढच्या भिशीला घ्यायचे आहे. अशा माणसाला हा प्रोसेसर देणे मला पटत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण कॅशचे. प्रोसेसरला सतत लागणारी माहिती रॅमपर्यंत न जाता लगेच हाताशी मिळावी म्हणून त्याच्या आतच थोडी अतिशय वेगवान मेमरी ठेवलेली असते. ५६००जी मध्ये ही तिसऱ्या स्तराची कॅश १६ एमबी आहे. त्याचाच भाऊबंद असलेल्या, पण आत ग्राफिक्स नसलेल्या रायझन ५ ५६०० मध्ये ती ३२ एमबी आहे. गेमला या कॅशचा फार उपयोग होतो, त्यामुळे दोघांना एकच चांगले कार्ड लावले तर ५६००जी मागे पडतो. दुसरे कारण कार्डाच्या वाटेचे. प्रोसेसर आणि कार्ड यांच्यात माहितीची जी ये-जा होते, ती पीसीआय एक्सप्रेस नावाच्या मार्गावरून होते. ५६००जी हा मार्ग तिसऱ्या पिढीचा देतो, तर ५६०० आणि इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर चौथ्या किंवा त्यापुढच्या पिढीचा देतात. चौथ्या पिढीचा वेग तिसऱ्याच्या दुप्पट असतो. म्हणजे पुढच्या वर्षी कार्ड आणाल, तेव्हा आज आतल्या ग्राफिक्ससाठी मोजलेले पैसे वाया जातील आणि वर कॅश अर्धी, वाट अरुंद, अशी स्थिती राहील.

त्याच कोटेशनमध्ये आणखी एक चूक आहे, ती म्हणजे १६ जीबीची एकच रॅम. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते रॅममधूनच उसने घेऊन काम करते. डीडीआर४ ३२०० प्रकारची एक रॅम सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवू शकते. त्याऐवजी ८ जीबीच्या दोन लावल्या तर दोन्हींचे मार्ग एकदम चालतात आणि तोच आकडा ५१.२ होतो. तुलनेसाठी सांगतो, आरएक्स ६६०० या कार्डाला स्वतःच्या मेमरीकडून सेकंदाला २२४ जीबी मिळतात. आधीच तहानलेल्या ग्राफिक्सचे पाणी एक रॅम लावून आणखी अर्धे करायचे, हा प्रकार मी मिरजेच्या एका घरी प्रत्यक्ष पाहिला आहे. मुलगा गेम सुरू करायचा, गाडी वळणावर आली की चित्र क्षणभर थिजायचे आणि पुढे उडी मारायचे. त्यांनी प्रोसेसर बदलायची तयारी केली होती. मी तेवढ्याच क्षमतेची दुसरी रॅम मागवायला सांगितली. मदरबोर्डला चार स्लॉट होते. आधीची रॅम काढून दोन्ही रॅम प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, दोन्ही टोकांचा 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या, आणि तीच गाडी त्याच वळणावरून न अडखळता गेली. त्या मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ते अजून आठवते. पण त्यात माझे कौशल्य काही नव्हते, कोटेशन लिहितानाच कुणीतरी एकाऐवजी दोन लिहायला हवे होते, एवढेच.

दुसऱ्या कोटेशनवर मला जास्त वेळ घालवायचा नाही. आय३-१२१००एफ हा ४ कोअर, ८ थ्रेडचा प्रोसेसर व्हॅलोरंटला पुरतो आणि त्याच्या किमतीच्या मानाने चांगलाच आहे, पण तुम्ही ज्या मोठ्या गेमचा उल्लेख केला आहे त्यांतले अलीकडचे गेम ६ कोअरचा फायदा घेतात आणि चारच कोअर असले की गर्दीच्या प्रसंगी अडखळतात. खरी खोट कार्डात आहे. आरएक्स ६५०० एक्सटीला मेमरी फक्त ४ जीबी आहे आणि प्रोसेसरकडे जायला त्याला पीसीआय एक्सप्रेस मार्गाच्या चारच लेन दिलेल्या आहेत. गेमचे चित्रसाहित्य ४ जीबीत मावेनासे झाले की उरलेले रॅममधून ओढून आणावे लागते, आणि ती ने-आण या चार लेनच्या बोळातून होते. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोड करण्याची सोयच नाही, म्हणजे भावाला उद्या खेळ रेकॉर्ड करायचा झाला तर तो भार प्रोसेसरवर येणार. हेच कार्ड "नंतर टाका" म्हणून कुणी ५६००जीला जोडून दिले, तर चार लेन आणि त्याही तिसऱ्या पिढीच्या, अशी सर्वांत वाईट जोडी तयार होते. हे जोडपे मुद्दाम लक्षात ठेवा, कारण स्वस्तातल्या कोटेशनमध्ये ते वारंवार दिसते.

वापरलेल्या 'आय७'बद्दल एकच प्रश्न विचारा: कितव्या पिढीचा? 'आय७' या दोन अक्षरांवरून काही कळत नाही. त्यापुढच्या आकड्यावरून कळते. आय७-४७७० असेल तर तो २०१३ सालचा, ४ कोअरचा, डीडीआर३ रॅमचा प्रोसेसर आहे आणि वर सांगितलेला आय३ त्याला सहज मागे टाकतो. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही, विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० व सिक्युअर बूट या संगणकातल्या सुरक्षेच्या सोयी मागतो. भावाचा मुख्य गेमच ज्यावर अडू शकतो, अशा यंत्रात २०,००० रुपये घालू नयेत. सांगलीत वापरलेला माल घेताना मी आणखी एक गोष्ट नेहमी पाहतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत नदीकाठच्या किती घरांत आणि दुकानांत पाणी शिरले, हे तुम्हाला मी सांगायला नको. भिजून वाळवलेले मदरबोर्ड आणि कार्ड काही काळ चालतातही. कॅबिनेटचे झाकण उघडून मदरबोर्डच्या स्क्रूंच्या भोवती आणि मागच्या पोर्टच्या पत्र्यावर गंज आहे का ते बघावे, स्लॉटच्या फटीत वाळलेल्या गाळाची बारीक करडी रेघ दिसते का ते टॉर्च लावून बघावे, आणि दिसली तर भाव कितीही कमी असला तरी उठून यावे.

मग काय घ्यावे? माझा सल्ला इंटेलच्या आय५-१२४०० या प्रोसेसरचा आहे, आणि तोही शेवटी 'एफ' नसलेला. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या या प्रोसेसरमध्ये ६ कोअर, १२ थ्रेड आणि १८ एमबी कॅश आहे, आणि आरएक्स ६६०० किंवा त्याच्या वरचे आरएक्स ७६०० यांसारखे कार्ड तो सहज पेलतो. 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. १२४०० आणि १२४००एफ यांचा गेममधला वेग सारखाच असतो आणि एफवाला काहीसा स्वस्त पडतो, म्हणून गेमिंगच्या कोटेशनमध्ये बहुधा तोच लिहिलेला असतो. पुण्या-मुंबईत मीही कदाचित तोच घ्या म्हटले असते. सांगलीत मात्र थोडे जास्त पैसे देऊन साधा १२४०० घ्यावा असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण तुमच्या घरच्या परिस्थितीत आहे.

कार्ड बिघडले, तर वॉरंटीत ते बदलून मिळते. पण ते इथून कोल्हापूरला किंवा पुण्याला पाठवावे लागते आणि परत यायला कधी आठवडे लागतात. त्या काळात एफवाल्या प्रोसेसरचा संगणक म्हणजे निव्वळ डबा असतो. पडद्यावर काही येतच नाही. नेमकी तेव्हा भावाची परीक्षा आली तर काय करायचे? साध्या १२४००मध्ये यूएचडी ७३० नावाचे लहानसे ग्राफिक्स आहे. गेमच्या दृष्टीने ते ५६००जीच्या व्हेगापेक्षा बरेच कमकुवत आहे, हे मी लपवत नाही. पण त्यावर अभ्यास, व्हिडिओ, ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर ही कामे चालतात, आणि तुमच्या जुन्या मॉनिटरच्या कमी रिझोल्युशनवर कमीत कमी सेटिंग ठेवून व्हॅलोरंटही खेळता येतो, कारण तो गेमच अगदी हलक्या ग्राफिक्सवर चालावा अशा बेताने बनवलेला आहे. तेव्हा कार्डाचे पैसे खरोखरच पुढच्या भिशीपर्यंत जमणार नसतील, तरी थांबायचे ते १२४०० घेऊन थांबा. वर्षभर तुमचे मोठे गेम होणार नाहीत, हा तोटा आहेच. पण कार्ड येईल त्या दिवशी प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम यांतले काहीही बदलावे लागणार नाही.

रायझन ५ ५६०० वेगाच्या बाबतीत १२४००च्या तोडीचा आहे आणि कार्ड आजच घेणार असाल तर मी त्याला नावे ठेवणार नाही. फक्त त्याच्यात आतले ग्राफिक्स नाही, ही आधीचीच अडचण तिथेही येते.

कार्डाच्या बाबतीत मी आरएक्स ६६००ला पहिली पसंती देतो. त्याला ८ जीबी मेमरी आहे, ते फुल एचडीवर बहुतेक गेम चांगल्या सेटिंगने चालवते आणि वीज १३२ वॉटच्या आसपास घेते, म्हणून उन्हाळ्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीतही ते सांभाळणे सोपे जाते. एनव्हीडियाचेच हवे असेल, उदाहरणार्थ भाऊ पुढे ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंगकडे वळणार असेल, तर आरटीएक्स ३०५०चा विचार होऊ शकतो. पण या एकाच नावाने ८ जीबीचे आणि ६ जीबीचे अशी दोन वेगळी कार्डे विकली जातात. ६ जीबीवाल्यात मेमरीच कमी आहे असे नाही, त्याचे गणन करणारे कोअरही कमी आहेत आणि मेमरीची वाटही अरुंद आहे. त्याचा एक गुण असा, की ते ७० वॉटमध्ये भागवते आणि त्याला एसएमपीएसची (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची) वेगळी वायर लागत नाही. निव्वळ गेमसाठी मात्र आरएक्स ६६०० दोघांच्याही पुढे आहे. दुकानदार 'जीटी ७३० टाकून देतो' म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. ते २०१४ सालचे कार्ड आहे आणि ते पडदा दाखवण्यापलीकडे काही करत नाही.

व्हीजीएचा प्रश्न इथे पुन्हा येतो. आरएक्स ६६००ला व्हीजीए पोर्ट नाही, एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट आहेत. त्यामुळे जुना मॉनिटर लावायला एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागेल. साधी दोन टोकांची वायर चालत नाही, हे लक्षात ठेवा. कार्ड नसेल तोवर मदरबोर्डचाच व्हीजीए पोर्ट वापरता येईल, कारण एच६१० चिपसेटच्या अनेक मदरबोर्डना तो असतो, आणि १२४०० एफ नसल्यामुळे तो चालूही राहतो. मदरबोर्ड घेताना तो पोर्ट आहे ना, आणि रॅम डीडीआर४चीच लागते ना, या दोन गोष्टी खोक्यावर वाचून घ्या, कारण या प्रोसेसरचे मदरबोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही.

पैशांचे गणित तुम्हाला दुकानात बसूनच करावे लागेल, कारण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत आणि मी आज लिहिलेला आकडा तुम्ही वाचाल त्या दिवशी खरा असेलच असे नाही. म्हणून मी कपातीचा क्रम देतो. कार्डासकट बेरीज ४५,०००च्या वर गेली, तर सर्वांत आधी काचेचे, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट सोडा आणि पुढून जाळी असलेले साधे घ्या. ते थंडही राहते. मग एसएसडी १ टीबीऐवजी ५०० जीबीची घ्या; मोठा गेम एकेकटा १०० जीबीच्या आसपास जागा घेतो, त्यामुळे एका वेळी दोन-तीनच ठेवता येतील, पण वेग कमी होणार नाही. वेगळा कूलर घेऊ नका, १२४००च्या खोक्यात येतो तो पुरतो. कार्ड आजच बसवणार असाल आणि रॅमच परवडत नसेल, तर १६ जीबीची एक आज आणि तशीच दुसरी पुढे, हेही चालेल, कारण कार्डाला स्वतःची मेमरी असते. पण कार्डाविना थांबणार असाल तर ८ जीबीच्या दोनच घ्या. एवढे करूनही बेरीज बसली नाही, तर कार्ड पुढे ढकला. प्रोसेसर आय३वर आणून कार्ड आजच घेण्याचा मोह होईल. घरात एकट्याचा संगणक असता तर मी तेही मान्य केले असते, पण तो भाऊ चार-पाच वर्षे वापरणार आहे.

एसएमपीएसवर कात्री लावू नका. हे मी माझ्या अनुभवावरून कळकळीने सांगतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्याच घरच्या संगणकाला कॅबिनेटबरोबर आलेला, वर मोठ्या अक्षरांत ५०० वॉट लिहिलेला हलकासा एसएमपीएस तसाच ठेवला. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, विजा कडाडल्या, दिवे दोनदा लपकले आणि तिसऱ्यांदा वीज आली ती जळक्या वासासह. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. नंतर तो उघडला, तेव्हा आतला ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढाही नव्हता. १२४०० अगदी भरात असताना ११७ वॉट घेतो, आरएक्स ६६०० १३२ घेते; सगळे मिळून ३०० वॉटच्या आत राहते. म्हणून मोठा आकडा शोधण्याची गरज नाही. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ असा कार्यक्षमतेचा शिक्का असलेला ४५० किंवा ५५० वॉटचा एसएमपीएस बास झाला, आणि त्याला कार्डासाठी ८ पिनची वायर आहे ना, ते पाहून घ्या. जमल्यास १००० व्हीएचा यूपीएस पुढच्या महिन्यात घ्या. घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावल्यावर बोटांना मुंग्या आल्यासारखे झाले, तर अर्थिंग नाही असे समजा. गावभागातल्या जुन्या घरांत हे मी बऱ्याचदा अनुभवले आहे आणि ती संगणकाची खोड समजून लोक वर्षानुवर्षे तसेच वापरत राहतात.

संगणक घरी नेण्याआधी दुकानातच अर्धा तास चालवून घ्या. टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर दोन स्लॉट वापरात दिसतात का आणि वेग ३२०० दिसतो का, ते पाहा. कमी दिसला तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायला सांगा. कार्ड बसवलेले असेल तर मॉनिटरची वायर कार्डाच्या पोर्टला लावलेली आहे, मदरबोर्डच्या नव्हे, याची खात्री करा. गेल्या दिवाळीत एक मुलगा गोधडीत गुंडाळलेले कॅबिनेट मोटरसायकलवर मांडीवर घेऊन माझ्याकडे आला होता. नवे कार्ड खराब निघाले, गेम पूर्वीसारखाच अडखळतो, अशी त्याची तक्रार होती. त्याच्या प्रोसेसरला आतले ग्राफिक्स होते आणि घरी वायर मदरबोर्डला लावलेली होती. चित्र दिसत होते, म्हणून कुणाला शंकाही आली नाही, आणि कार्ड बिचारे महिनाभर नुसते फिरत बसले होते. तुम्ही घेणार त्या १२४००लाही आतले ग्राफिक्स असल्यामुळे हाच घोटाळा तुमच्याकडेही होऊ शकतो. बिल जीएसटीचे घ्या आणि त्यावर प्रोसेसर, कार्ड, मदरबोर्ड, एसएमपीएस यांचे सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी खोक्यापेक्षा तेच कामाला येतात.

पाडव्याला अजून थोडा अवधी आहे. या आठवड्यात दोन-तीन दुकानांत जाऊन आय५-१२४०० आणि १२४००एफ या दोन्हींचे त्या दिवशीचे भाव शेजारी-शेजारी लिहून आणा. फरक दोन हजारांच्या आत असेल, तर एफ नसलेला घ्या. त्याहून जास्त असेल आणि कार्ड आजच घेणार असाल, तर रायझन ५ ५६००चाही भाव विचारा, आणि मदरबोर्डसकट तिघांची बेरीज करून मला पुन्हा एक पत्र टाका.